पोलिसांचा खर्च कोल्हापुरातून तपासायचा तर: कोणते सरकारी साधन किती कामाचे

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पोलिसांवर वर्षाला किती पैसा खर्च होतो आणि कशावर होतो, याचे उत्तर एका जागी मिळत नाही. पगाराचा पैसा राज्याच्या अर्थसंकल्पातून येतो. गाड्या बऱ्याचदा जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून येतात. चौकातला सिग्नल महापालिकेचा, वसाहतीची डागडुजी सार्वजनिक बांधकाम विभागाची, आणि कॅमेरे यांपैकी कुणाच्याही खात्यातून आलेले असू शकतात. हे तुकडे जुळवायला नागरिकाच्या हाती पाच-सहा सरकारी साधने आहेत. इथे त्यांचेच परीक्षण केले आहे: कोणत्यातून काय निघते, कुठे अडते आणि कोणत्या साधनावर वेळ घालवू नये.

पोलीस हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत, म्हणजे राज्य सरकारकडच्या विषयांच्या यादीत, दुसऱ्या क्रमांकावर आहे. त्यामुळे महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या सभागृहात पोलिसांच्या अंदाजपत्रकावर मतदान होत नाही. कोल्हापूरला पोलीस आयुक्तालय नाही, जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालय आहे, आणि जिल्हा दलाची बहुतेक देयके तिथूनच कोषागारात जातात. त्याच्या वर विशेष पोलीस महानिरीक्षकांचे कोल्हापूर परिक्षेत्र. त्यात कोल्हापूरबरोबर सांगली, सातारा, सोलापूर ग्रामीण आणि पुणे ग्रामीण येतात. ‘कोल्हापूर परिक्षेत्राला इतकी वाहने मिळाली’ अशी बातमी आली तर तो आकडा पाच घटकांचा असतो, आपल्या जिल्ह्याचा नव्हे. तुलना फसते ती बहुधा इथेच.

अर्थसंकल्पाची पुस्तके

मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला की वित्त विभागाच्या संकेतस्थळावर विभागवार पुस्तके येतात. गृह विभागाच्या पुस्तकात पोलीस प्रशासनाची मागणी ‘ब-1’ या क्रमांकाखाली असते. मुख्य लेखाशीर्षे, म्हणजे हिशेबाची क्रमांक दिलेली खाती, दोन: 2055 म्हणजे पोलिसांचा महसुली खर्च आणि 4055 म्हणजे भांडवली. 2055 च्या पोटात गौण शीर्षे आहेत. 003 प्रशिक्षण, 101 गुन्हे अन्वेषण, 109 जिल्हा पोलीस, 113 पोलिसांचे कल्याण, 114 बिनतारी व संगणक, 115 आधुनिकीकरण, 116 न्यायवैद्यक. घरांसाठीची भांडवली तरतूद 4055 खालच्या 211 मध्ये शोधावी.

पुस्तक उघडल्यावर पानाच्या डोक्यावरचे एकक आधी पाहावे. रकमा हजारांत छापलेल्या असतात. लाख समजून वाचल्या तर सगळा हिशेब शंभर पटीने चुकतो. मग स्तंभ पाहावेत. मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. भाषणात आणि बातमीत फक्त शेवटचा स्तंभ येतो. कामाचा आकडा पहिल्या स्तंभात असतो, कारण खरोखर खर्च झालेला तेवढाच. 115 आधुनिकीकरणाखाली अंदाज आणि प्रत्यक्ष यांतली दरी तीन वर्षे ओळीने मांडून पाहा. या योजनेत महाराष्ट्राला केंद्र 60 आणि राज्य 40 असा वाटा आहे. केंद्राचा हप्ता अडला किंवा राज्याने आपला वाटा उशिरा सोडला, तर तरतूद कागदावरच राहते.

या पुस्तकांची मर्यादा उघड आहे. 109 जिल्हा पोलीस या शीर्षाखाली साऱ्या राज्याचा पैसा एकत्र येतो. शाहूपुरी किंवा राजारामपुरी पोलीस ठाण्याला काय मिळाले, हे त्यातून कधीच कळणार नाही. राज्याचा प्राधान्यक्रम समजून घ्यायला पुस्तके उत्तम आहेत: पगाराचा वाटा किती, प्रशिक्षणाचा किती, न्यायवैद्यकाचा किती. स्थानिक देखरेखीसाठी ती फक्त पार्श्वभूमी.

बीम्स आणि शासन निर्णय

बीम्स ही राज्याची निधीवाटपाची संगणक प्रणाली. सरकारी कार्यालयांत आजही तिला बीडीएस म्हणतात आणि ‘बीडीएसवर निधी आला का?’ असेच विचारतात. तरतूद, वितरण आणि खर्च या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बीम्स स्वच्छ दाखवते आणि हाच तिचा मोठा गुण. विधिमंडळाने 100 रुपये मंजूर केले म्हणजे ते कार्यालयाला मिळाले असे नाही. वित्त विभाग टप्प्याटप्प्याने सोडतो आणि सोडले तेवढ्याचेच देयक कोषागार घेते. ऑक्टोबरमध्ये वितरण तरतुदीच्या 40 टक्के आणि खर्च 38 टक्के दिसला, तर खालचे कार्यालय सुस्त आहे असा निष्कर्ष काढू नये. त्यांनी मिळाले ते जवळजवळ संपवले आहे. उलट वितरण 80 टक्के आणि खर्च 35 टक्के असेल, तर प्रश्न खरेदी प्रक्रियेला विचारायचा.

लॉगिनशिवाय मात्र विभाग आणि लेखाशीर्ष यांच्या पातळीवरचेच चित्र हाती लागते. जिल्ह्याचा तपशील हवा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज चुकत नाही.

शासन निर्णयांचे संकेतस्थळ त्यामानाने दुर्लक्षित आणि अधिक उपयोगी आहे. गृह विभाग निवडून ‘कोल्हापूर’, ‘पोलीस ठाणे’, ‘प्रशासकीय मान्यता’ हे शब्द टाकून शोधावे. ‘पोलिस’ आणि ‘पोलीस’ अशी दोन्ही लेखने वापरून पाहावीत, शोधयंत्र दोन्ही एक मानेलच असे नाही. प्रत्येक निर्णयाला संकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. 0331 दिसले की तो निर्णय 31 मार्चचा. मार्चअखेर सोडलेला निधी खालपर्यंत पोहोचून त्याच वर्षी नीट खर्च होणे जवळपास अशक्य असते. एक तर तो समर्पित होतो, म्हणजे न वापरता परत जातो, नाहीतर घाईची खरेदी होते. एका वर्षाचे निर्णय महिनावार लावले तर हा प्रकार पंधरा मिनिटांत दिसतो.

जिल्हा नियोजन समिती: खरी स्थानिक जागा

पोलिसांसाठी कोल्हापुरात बसून पैसा ठरतो अशी मुख्य जागा एकच आहे, ती म्हणजे जिल्हा नियोजन समिती. घटनेच्या 243 झेडडी कलमातून ती आली आणि महाराष्ट्रात तिच्यासाठी 1998 चा कायदा आहे. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. या समितीच्या जिल्हा वार्षिक योजनेतून पोलीस व तुरुंग विभागाच्या बळकटीसाठी 3 टक्क्यांपर्यंत निधी ठेवण्याची तरतूद आहे. वाहने, कॅमेरे, संगणक, बॅरिकेड, ठाण्याची दुरुस्ती ही कामे बहुतेक या निधीतून होतात.

इथली भाषा वेगळी आहे आणि ती माहीत असेल तरच नेमका कागद मागता येतो. योजनेला मंजूर होणारी रक्कम म्हणजे ‘नियतव्यय’. पोलीस अधीक्षक कार्यालय प्रस्ताव देते, जिल्हा नियोजन अधिकारी तो तपासतात, तांत्रिक मान्यता लागत असेल तर ती घेतली जाते, जिल्हाधिकारी प्रशासकीय मान्यता देतात, मग निधी बीम्सवर वितरित होतो, खरेदी होते आणि शेवटी पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र जाते. बैठकीनंतर ‘इतिवृत्त’ तयार होते आणि पुढच्या बैठकीत ‘अनुपालन अहवाल’ ठेवला जातो. नागरिकाने हे दोनच कागद नियमित मिळवले तरी पुष्कळ कळते. आधीच्या बैठकीत एखाद्या सदस्याने ठाण्यातल्या वाहनांबद्दल विचारले असेल, तर त्याला काय उत्तर मिळाले ते अनुपालनात सापडते.

प्रारूप आराखडा साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तयार होतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत राज्यस्तरीय बैठकीत त्यावर चर्चा होते. सूचना द्यायची तर ती ऑक्टोबरमध्ये, लेखी, जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांकडे आणि आपल्या आमदारांकडे. मार्चमध्ये दिलेले निवेदन कुणी वाचले तरी त्याचा उपयोग होत नाही.

या समितीचा मोठा दोष तिच्या रचनेतून आलेला नाही, ती रिकामी ठेवल्यातून आला आहे. कायद्यानुसार तिचे चार पंचमांश सदस्य स्थानिक स्वराज्य संस्थांतून निवडून यायला हवेत. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली, जिल्हा परिषदेची मार्च 2022 मध्ये, आणि निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. महापालिकेची निवडणूक थेट जानेवारी 2026 मध्ये झाली. मधल्या काळात समितीत लोकप्रतिनिधी म्हणजे मुख्यतः मंत्री, आमदार आणि खासदार. पोलिसांच्या गाडीपेक्षा आपल्या प्रभागातल्या चौकीला दिवा आणि पाणी हवे, असे सांगणारा नगरसेवक त्या खोलीत नव्हता. लोकशाहीच्या दृष्टीने हे गंभीर नुकसान आहे आणि नवीन नगरसेवकांकडून पहिली अपेक्षा हीच असायला हवी की या समितीतल्या जागा त्यांनी गांभीर्याने घ्याव्यात.

दुसरा दोष निधीच्या स्वभावात आहे. नियोजन समितीचा पैसा वस्तू घेऊन देतो, ती वस्तू चालवायचा खर्च मात्र 2055 मधून भागवावा लागतो. उदाहरणाने मांडू. समजा समितीच्या निधीतून 10 लाखांची गस्तीची गाडी आली. ती रोज 60 किलोमीटर फिरते आणि लिटरला 10 किलोमीटर देते. म्हणजे रोज 6 लिटर, वर्षाला 2,190 लिटर. लिटरला 95 रुपये धरले तर वर्षाला 2 लाख 8 हजार. पाच वर्षांत इंधनच गाडीच्या किमतीएवढे होते. त्यावर टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग. तिन्ही पाळ्यांत ती रस्त्यावर ठेवायची तर तीन चालक आणि साप्ताहिक सुट्टीसाठी चौथा. हा खर्च ‘24 पेट्रोल, तेल, वंगण’ आणि ‘01 वेतन’ या हेडवर, म्हणजे खर्चाच्या प्रकारानुसार पाडलेल्या उद्दिष्ट शीर्षांवर, वाढलेला नसेल, तर नवी गाडी आली की जुन्या गाडीची गस्त कमी होते. म्हणून गाड्यांच्या वितरण सोहळ्याची बातमी आली की एकच प्रश्न विचारावा: 24 हेडचे अनुदान मागच्या वर्षाच्या तुलनेत किती वाढले?

कॅमेरे: दोन वेगळ्या व्यवस्था

शहरातले चौकातले कॅमेरे आणि पोलीस ठाण्याच्या आतले कॅमेरे यांची गल्लत सर्रास होते. ‘सेफ सिटी’ नावाने शहरात बसवलेले कॅमेरे रस्त्यांवर नजर ठेवण्यासाठी आहेत. अंबाबाई मंदिराच्या परिसरात देवस्थान समितीचे वेगळे कॅमेरे आहेत. आमदार निधीतून आणि व्यापाऱ्यांच्या मदतीने बसवलेले आणखी वेगळे. यांत नेहमी अडते ते वार्षिक देखभाल करारावर. बसवणाऱ्या ठेकेदाराची हमी दोन-तीन वर्षांत संपते. त्यानंतर केबल तुटली, झाडाची फांदी समोर आली, रस्ता खोदताना वीजजोडणी गेली, तर दुरुस्ती कोणत्या हेडमधून करायची हे आधी ठरलेले नसते. पोलीस महापालिकेकडे बोट दाखवतात, महापालिका नियोजन समितीकडे. म्हणून बसवलेल्या कॅमेऱ्यांचा आकडा विचारू नये. विचारायचे ते असे: आजच्या तारखेला चालू किती, बंद किती, प्रत्येक बंद कॅमेरा कोणत्या तारखेपासून बंद आहे आणि देखभाल कराराची मुदत कधी संपते.

ठाण्याच्या आतल्या कॅमेऱ्यांची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, कारण तिथे नागरिकांच्या देखरेखीची जागा सर्वोच्च न्यायालयाने स्वतः निर्माण केली आहे. परमवीर सिंह सैनी विरुद्ध बलजित सिंह या प्रकरणात 2 डिसेंबर 2020 रोजी न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. मुख्य दरवाजा, येण्या-जाण्याच्या सगळ्या वाटा, लॉकअप, कॉरिडॉर, स्वागतकक्ष, निरीक्षकांची खोली, ड्युटी अधिकाऱ्याची खोली, मागची बाजू, स्वच्छतागृहाच्या बाहेरचा भाग. रात्री दिसणारे आणि आवाजही टिपणारे कॅमेरे. चित्रण 18 महिने साठवायचे; बाजारात तेवढ्या क्षमतेचे यंत्र नसेल तर मिळेल तेवढ्या जास्त काळाचे घ्यायचे, पण एक वर्षापेक्षा कमी कधीच नाही.

या आदेशाने जिल्हास्तरीय देखरेख समिती नेमली. तिच्यात विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि जिल्ह्यातल्या एखाद्या नगरपालिकेचे महापौर, ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे प्रमुख. कॅमेऱ्यांची देखभाल, चालू आहेत की नाही याची तपासणी आणि राज्यस्तरीय समितीला दर महिन्याला अहवाल ही तिची कामे. पैशाची तरतूद मिळवणे हे राज्यस्तरीय समितीचे काम, आणि तिच्यात वित्त विभागाचे सचिवही आहेत. पोलिसांच्या साधनसामग्रीवर निवडून आलेल्या स्थानिक व्यक्तीला बसवणारी अशी दुसरी व्यवस्था जिल्ह्यात सापडणे कठीण. महापौरांना याबद्दल पत्र लिहिणे हा कोल्हापूरकराचा सरळ हक्क आहे.

खरेदीत काय चुकते हे साठवणुकीच्या गणितात दिसते. एक कॅमेरा सेकंदाला 2 मेगाबिट वेगाने चित्रण करतो असे धरा. दिवसाला सुमारे 21.6 जीबी होतात, 30 दिवसांना साधारण 650 जीबी आणि 18 महिन्यांना जवळपास 12 टीबी. ठाण्यात 16 कॅमेरे असतील तर महिनाभरासाठी 10-11 टीबी पुरतात, 18 महिन्यांसाठी सुमारे 190 टीबी लागतात. हार्ड डिस्क हा अशा यंत्रणेतला महागडा भाग आहे आणि खर्च कमी करायचा म्हटले की कात्री तिथेच लागते. निविदेत कॅमेऱ्यांची संख्या ठळक असते, साठवणुकीचे दिवस बारीक अक्षरांत. मागायचे ते तांत्रिक विनिर्देश आणि स्वीकृती चाचणीचा अहवाल. त्यात डिस्कची एकूण क्षमता आणि साठवणुकीचे दिवस दोन्ही लिहिलेले असतात, भागाकार घरी करता येतो. यूपीएसची क्षमताही पाहावी. वीज गेल्यावर अर्ध्या तासात बंद पडणारी यंत्रणा पंचगंगेच्या पुरात काय कामाची?

बाकीची साधने, थोडक्यात

महापालिकेच्या अंदाजपत्रकात सिग्नल, रस्त्यावरचे पट्टे, दुभाजक आणि दिशादर्शक फलक यांचा खर्च असतो. वाहतूक शाखेची निम्मी अडचण इथे सुटते किंवा अडकते. स्थायी समितीपुढे ते येते तेव्हा प्रभागातल्या नगरसेवकाला विचारता येते, त्यामुळे सामान्य नागरिकासाठी हे सर्वांत जवळचे पुस्तक.

महाटेंडर्स आणि जेम ही खरेदीची संकेतस्थळे निविदा चालू असताना उपयोगी. नंतर जुने शोधणे किचकट. निविदेचा क्रमांक प्रशासकीय मान्यतेच्या कागदावरून मिळाला तरच तिथे जावे.

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचे अहवाल विश्वासार्ह आहेत, पण ते बऱ्याच उशिरा येतात आणि कोल्हापूर नमुन्यात असेलच असे नाही. त्यापेक्षा महालेखापालांच्या पथकाने अधीक्षक कार्यालयाची तपासणी केल्यावर दिलेल्या निरीक्षण अहवालातले प्रलंबित परिच्छेद मागणे चांगले. त्यात एसी बिलावर (तपशील न देता आगाऊ) उचललेल्या आणि नंतर डीसी बिल (खर्चाचा तपशीलवार हिशेब) न दिलेल्या रकमा, लॉगबुकातल्या त्रुटी, वापराविना पडलेली साधने असा स्थानिक तपशील असतो.

जमेची बाजू फारसे कुणी पाहत नाही. पोलिसांच्या जमा रकमा 0055 या शीर्षाखाली जातात. खासगी कार्यक्रमांना दिलेला सशुल्क बंदोबस्त त्यातल्या 102 मध्ये. आयोजकांकडे थकलेली बंदोबस्ताची रक्कम ही मागण्यासारखी माहिती आहे. पोलीस कल्याण निधी आणि उद्योजकांनी भेट दिलेली बॅरिकेड, वाहने, संगणक हे तर अर्थसंकल्पाच्या बाहेरच असतात. भेटवस्तूंची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, असायला हवी, आणि ते रजिस्टर पाहायला मागता येते. ज्याने भेट दिली त्याचा ठाण्याशी काही वाद किंवा परवान्याचे काम चालू आहे का, हे ज्याला तपासायचे त्याने तिथून सुरुवात करावी.

माहितीचा अधिकार: कष्टाचा, पण सर्वांत खात्रीचा

जिल्ह्याचा आकडा कागदावर मिळवून देणारे खात्रीचे साधन हेच. राज्याचे ऑनलाइन संकेतस्थळ पैसे भरून घेते आणि नोंदणी क्रमांक लगेच देते, त्यामुळे तारखेचा वाद राहत नाही. कागदी अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पोहोच घेतली तरी तेवढेच चालते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा. अनेक अर्ज इथेच परत येतात.

अर्ज पोलीस ठाण्याला करू नये. पैशाचे कागद ठाण्यात नसतात. वेतन आणि देयके अधीक्षक कार्यालयाच्या लेखा शाखेत, इंधन आणि लॉगबुक मोटार परिवहन विभागात, इमारतीची दुरुस्ती सार्वजनिक बांधकाम विभागात, नव्या वसाहतींची बांधकामे पोलीस गृहनिर्माण व कल्याण महामंडळाकडे, नियोजन समितीचे सगळे जिल्हा नियोजन कार्यालयात. चुकीच्या जागी गेलेला अर्ज कलम 6(3) प्रमाणे पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो, पण त्यात वेळ जातोच.

‘का’, ‘कशासाठी’, ‘योग्य आहे का’ असे शब्द अर्जात नकोत. मते आणि स्पष्टीकरणे देण्याची सक्ती कायद्यात नाही. असलेला कागद द्यावाच लागतो. पुढचा मसुदा जसाच्या तसा वापरता येईल, फक्त वर्ष बदलावे:

‘विषय: जिल्हा पोलीस अधीक्षक, कोल्हापूर कार्यालयाचा आर्थिक वर्ष 2024-25 चा खर्च. 1) लेखाशीर्ष 2055 खालील 06, 13, 17, 21, 24 व 51 या उद्दिष्ट शीर्षांवर प्राप्त अनुदान, प्राप्तीचा दिनांक, खर्च व समर्पित रक्कम दर्शविणाऱ्या विवरणपत्राची प्रत. 2) 31 मार्च 2025 रोजी प्रलंबित देयकांच्या यादीची प्रत. 3) जिल्हा वार्षिक योजनेतून मिळालेल्या निधीच्या प्रशासकीय मान्यता व उपयोगिता प्रमाणपत्रांच्या प्रती. 4) वरील अभिलेखांची पाहणी करण्यासाठी दिनांक व वेळ कळवावी. वैयक्तिक माहिती, गुप्त सेवा निधी व बंदोबस्ताच्या नियोजनाचा तपशील नको.’

यातले 06 म्हणजे दूरध्वनी, वीज व पाणी, 13 कार्यालयीन खर्च, 17 संगणक, 21 सामग्री व पुरवठा, 24 इंधन, 51 मोटार वाहने. प्राप्तीचा दिनांक मागायचाच, कारण ‘अनुदान पुरेसे होते’ हे उत्तर तारखेशिवाय निरर्थक. वीजबिलाचे पैसे मार्चमध्ये आले असतील तर वर्षभर थकबाकी होती हे आपोआप सिद्ध होते. प्रलंबित देयकांची यादी मात्र सर्वांत बोलकी. कार्यालयाचा खरा तुटवडा त्या यादीत असतो, खर्चाच्या आकड्यात नसतो.

शेवटचे वाक्यही मुद्दाम घातले आहे. कलम 8(1) चे ए, जी आणि एच हे खंड सुरक्षितता, माहिती देणाऱ्याचा जीव आणि तपास यांना संरक्षण देतात, आणि ते योग्यच आहे. त्याच कलमाचा ‘जे’ हा खंड वैयक्तिक माहितीचा. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने तो अधिक रुंद केला. नावे मागितली नाहीत तर त्याचा आधार घेता येत नाही. राज्य गुप्तवार्ता विभागाच्या खर्चाच्या वाटेला तर जाऊच नये; तो कायद्यातून वगळलेला आहे. काही भाग गोपनीय असला तरी उरलेला भाग वेगळा करून द्यावा लागतो, हे कलम 10 अर्जदाराने लक्षात ठेवावे.

अर्ज करण्याआधी कलम 4(1)(ख) चे 17 मुद्दे पाहावेत. कार्यालयाने ते आपणहून प्रसिद्ध करायचे असतात आणि 11 वा मुद्दा अर्थसंकल्पाचा आहे. तो जुना किंवा मोघम असेल तर ‘अद्ययावत 4(1)(ख) ची प्रत’ हाच पहिला अर्ज ठेवावा. तो नाकारायला कोणताच खंड लागू होत नाही.

प्रतींना पानामागे 2 रुपये. लॉगबुक किंवा देयकांची यादी मोठी असेल तर आधी पाहणी करावी, हवी तीच पाने मागावीत. पाहणीचा पहिला तास विनामूल्य आहे. नियोजनाच्या आणि महापालिकेच्या कागदांसाठी आणखी सोपी वाट म्हणजे 26 नोव्हेंबर 2018 चा शासन निर्णय. त्याने जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहण्याची सोय केली. नागाळा पार्कात जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषद दोन्ही जवळजवळ आहेत, एका सोमवारी दोन्हीकडे जाता येते. निर्णयाची छापील प्रत सोबत न्यावी.

उत्तराची मुदत 30 दिवस. प्रतींचे शुल्क कळवल्यापासून ते भरेपर्यंतचे दिवस त्यातून वगळले जातात, म्हणून शुल्क त्याच दिवशी भरावे. मुदत उलटली तर माहिती फुकट द्यावी लागते. पहिले अपील 30 दिवसांच्या आत, 20 रुपयांच्या स्टॅम्पवर. त्याचा निर्णय 30, फार तर 45 दिवसांत. अपिलात नवे मुद्दे घालू नयेत, मूळ अर्जातला कोणता क्रमांक अपुरा राहिला तेवढेच लिहावे. दुसरे अपील 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे जाते आणि तिथे सुनावणीला वर्षाहून अधिक लागू शकते. त्यामुळे वर्षाचा आराखडा ठरण्याआधी आकडा हाती हवा असेल तर अर्ज एप्रिल-मेमध्ये करावा. पहिल्या अपिलासह ऑगस्टपर्यंत निकाल लागतो आणि ऑक्टोबरच्या प्रारूप आराखड्याला तो जोडता येतो. आयोगाच्या आदेशानंतरही कागद मिळाला नाही, किंवा जिल्हास्तरीय कॅमेरा समितीच्या बैठकाच झालेल्या नाहीत असे लेखी उत्तर आले, तर पुढची पायरी उच्च न्यायालयाची रिट याचिका. त्यासाठी आता मुंबईला जावे लागत नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू आहे.